कपाळावरची आठी

मराठीत राग सांगायला शब्दांची कमी नाही. पण बाईचा राग सांगायचा झाला की आपली भाषा तिच्या तोंडाकडे न जाता कपाळाकडे जाते. पुरुष खेकसतो, अंगावर येतो, ताट भिरकावतो. बाईच्या कपाळाला आठी पडते. फार झालं तर भुवई चढते, नाक मुरडलं जातं. यात बाईचा शालीनपणा वगैरे काही नाही. ज्या घरात सुनेने वडीलधाऱ्यांसमोर तोंड उघडायचंच नव्हतं, तिथे तिच्याकडे बोलायला दोन भुवयांमधली दोन बोटं जागा तेवढी उरत होती. तीच सून पुढे सासू झाली की त्याच दोन बोटांच्या जोरावर अख्खा वाडा चालवायची. भाजीत मीठ जास्त झालं, दूध उतू गेलं, थोरला उशिरा आला, कशाकशाला शब्द खर्चावा लागत नसे. नुसती आठी पडली की स्वयंपाकघर सावरून बसे.

आता नेमकी हीच दोन बोटं जागा पैसे देऊन गप्प करता येते. आमच्या इंदुरात पलासियापासून विजयनगरपर्यंत तिच्या पाट्या दिसतात आणि लग्नसराईत नवरीच्या आईलाही कुणीतरी हळूच सुचवतं, “एकदा कपाळाचं करून घ्या ना.” अमेरिकेच्या औषध प्रशासनाने सौंदर्यासाठी बोटॉक्सला पहिली परवानगी दिली ती 2002 साली, आणि ती दिली भुवयांच्या मधल्या उभ्या रेषांसाठी. म्हणजे आठीसाठी. हसताना डोळ्यांच्या कडेला पडणाऱ्या रेषांचा नंबर अकरा वर्षांनी, 2013 साली लागला. सगळ्या चेहऱ्यात आधी काय घालवायचं, तर बाई रागावलेली दिसते ते. मला हा क्रम अपघाती वाटत नाही.

या औषधाचं कूळ आमच्या घरात सांगितलं तर जेवण जाणार नाही. बोट्युलस म्हणजे लॅटिनमध्ये मांस भरलेलं आतडं, सॉसेज. एकोणिसाव्या शतकाच्या सुरुवातीला जर्मनीतल्या वुर्टेम्बर्गमध्ये खराब सॉसेज खाऊन माणसं मरत होती, त्याचा अभ्यास युस्टिनस केर्नर नावाच्या डॉक्टरने केला. हा गृहस्थ कवीही होता! पुढे 1895 साली बेल्जियमच्या एका खेड्यात अंत्यविधीला वाजवायला आलेल्या वादकांनी डुकराचं खारवलेलं मांस खाल्लं, काही दगावले, आणि त्यातून व्हान एरमेन्जेम या प्राध्यापकाने तो जंतू शोधून काढला. मग त्याच विषाचा थेंबाच्याही थेंबाइतका अंश वापरून सॅन फ्रान्सिस्कोच्या अ‍ॅलन स्कॉट या नेत्रतज्ज्ञाने तिरळेपणावर उपचार केला. 1989 साली तिरळेपणासाठी आणि पापण्या आवळून बसण्याच्या आजारासाठी त्याला मान्यता मिळाली. व्हँकुव्हरमधल्या कॅरुथर्स दांपत्याच्या लक्षात आलं की पापण्यांसाठी सुई घेणाऱ्या बाईच्या कपाळावरची आठीही जाते. ती डोळ्यांची डॉक्टर, तो त्वचेचा. दोघांनी मिळून 1992 साली त्यावर लेख लिहिला. पुढचं सगळं जगाला माहीत आहे.

काम कसं चालतं तेही सोपं आहे. नस स्नायूला “आवळ” असा निरोप एका रसायनाच्या हाती पाठवते. हे विष तो निरोप नसेच्या टोकाशीच अडवून धरतं. स्नायू सैल पडतो, वरची कातडी सपाट होते. तीन-चार महिन्यांनी नस पुन्हा बोलायला लागते, म्हणून पुन्हा सुई. सुरकुती जात नाही, सुरकुती पाडणारी हालचाल जाते, हे मात्र नीट ध्यानात ठेवायला हवं, कारण माझं सगळं म्हणणं त्या हालचालीबद्दल आहे.

मी दूरचित्रवाणीवरच्या मालिका बघते आणि ते सांगायला मला लाज वाटत नाही. हिंदी बघते, मराठीही बघते. कुणाच्या कपाळात काय टोचलंय याची चौकशी करायचा मला अधिकार नाही, म्हणून कुणाचं नाव घेत नाही. पडद्यावर दिसतं तेवढ्यापुरतंच बोलते. सासू आणि सून यांच्या चेहऱ्यांत आता वयाचा फरक राहिलेला नाही. तोही चालला असता. पण मुलगा घर सोडून निघालाय, आई दारात उभी आहे, आणि तिच्या डोळ्यांतून पाणी वाहतंय तरी वरचं कपाळ धुतलेल्या फरशीसारखं कोरडं. रडणं खालच्या मजल्यावर चाललंय आणि वरच्या मजल्यावर कुणी राहतच नाही, असं काहीतरी. मग दिग्दर्शक काय करतो? तोच चेहरा तीनदा दाखवतो, डावीकडून, उजवीकडून, समोरून, आणि प्रत्येक वेळी ढण्णकन काहीतरी वाजवतो. अभिनय ढोलकडे गेला. लोक या मालिकांच्या लेखनाला नावं ठेवतात, तेही बरोबरच आहे, पण पार्श्वसंगीत एवढं का किंचाळतं याचं एक उत्तर मला त्या गुळगुळीत कपाळात दिसतं. जे चेहरा सांगत नाही ते कुणालातरी ओरडून सांगावंच लागतं.

भरताच्या नाट्यशास्त्रात आठव्या अध्यायात भुवयांची सात कामं सांगितली आहेत: उत्क्षेप, पातन, भ्रुकुटी, चतुर, कुंचित, रेचित आणि सहज. यातली सहज म्हणजे जशी आहे तशी, काहीही न करणारी भुवई. कॉलेजात हे पाठ करताना आम्हाला हसू यायचं, भुवयांची कसली वर्गवारी! आता त्या यादीतली मोजदाद वेगळी वाटते. न हलणारी भुवई हेही एक काम आहे असं तो जुना माणूस म्हणतो, पण सातांपैकी एक. उरलेल्या सहा असतील तरच तिला अर्थ. सुई घेतलेल्या कपाळाला बहुतेक ती सातवीच उरते.

या सगळ्याचा विचार करताना मला पुन्हापुन्हा ललिता पवार आठवतात. येवल्याच्या बाई, जन्म 1916 चा. मूकपटांच्या काळापासून नायिका. 1942 च्या सुमारास एका चित्रीकरणात भगवानदादांना त्यांच्या थोबाडीत मारायची होती. हात जोरात बसला, चेहऱ्याची नस दुखावली, डावा डोळा कायमचा बारीक झाला. नायिकेची कारकीर्द संपली. म्हणजे आज ज्यासाठी बायका पैसे मोजतात ते, चेहऱ्याच्या नसेचं गप्प होणं, या बाईच्या वाट्याला फुकट आणि न मागता आलं, आणि तिचं त्याने जवळजवळ सगळं गेलं.

जवळजवळच, कारण पुढची चाळीस-पन्नास वर्षं त्या चेहऱ्याने जे काम केलं ते आधी कधी केलं नसतं. 1944 च्या ‘रामशास्त्री’त त्या आनंदीबाई झाल्या. नंतर खाष्ट सासवा तर किती केल्या त्याची गणती नाही. 1987 ला रविवारी सकाळी ‘रामायण’ लागायचं तेव्हा मंथरेचा तो मिचकलेला डोळा बघून आमच्या गल्लीतली पोरं आईच्या पदरामागे जायची. इथे एक गोष्ट स्वच्छ सांगायला हवी. त्यांना या भूमिका त्या डोळ्यामुळे मिळाल्या, आणि बारीक डोळा म्हणजे कपटी बाई हे समीकरण आपण प्रेक्षकांनी मुकाट्याने मान्य केलं. जखमेला आपण स्वभाव म्हटलं. जे लोक आज सुरकुतलेल्या, थोड्या वाकड्या, थकलेल्या चेहऱ्याला “रागीट दिसतेस” म्हणतात, ते काही आभाळातून पडलेले नाहीत. ही सवय जुनी आहे.

पण ‘अनाडी’ बघा. 1959 चा हृषिकेश मुखर्जींचा चित्रपट. राज कपूर, नूतन, सगळे आहेत, आणि मला त्यातल्या घरमालकीण मिसेस डिसाच दिसतात. डोळा तोच. मंथरेचाच. बाई भाडेकरू पोरावर ओरडते, भाड्यावरून त्याची सालं काढते, आणि ओरडता ओरडताच तिचं मन पाघळलेलं आपल्याला कळतं. कशावरून कळतं? मी हा चित्रपट आवाज बंद करूनही पाहिलाय. चेहऱ्याची जी बाजू चालते ती दोघींचं काम करते. भुवई वर जाते ती रागाने, पण खाली येताना मध्येच अडखळते, आणि त्या अडखळण्यात माया आहे. कपाळाच्या आठ्या संवाद संपल्यावरही क्षणभर रेंगाळतात, जणू बाईला स्वतःचा राग आवरता घ्यायला वेळ लागतोय. चेहरा सारखा नाही, दोन्ही बाजू जुळत नाहीत, म्हणूनच त्यात दोन भाव एकदम मावतात. सहायक अभिनेत्रीचं फिल्मफेअर त्यांना याच भूमिकेसाठी मिळालं. आणि गंमत म्हणजे त्या कथेत मिसेस डिसा मरते ती एका कारखानदाराच्या औषधातल्या विषाने.

त्या चेहऱ्यावर एक नस मेली, आणि राहिलेल्या नसांची किंमत त्या बाईला कळली. मी इथे सौंदर्याची गोष्ट करतच नाही आहे. ललिता पवार त्या अर्थाने सुंदर राहिल्या नव्हत्या. बोलक्या होत्या.

एवढं सगळं आमच्या स्वाध्याय मंडळात मी बोलले तेव्हा एका मैत्रिणीने मला चांगलंच पेचात धरलं. बाई हुशार, धर्माचं वाचन माझ्यापेक्षा जास्त. म्हणाली, “तीर्थंकरांच्या मूर्तीला कुठे आठी असते? आपण रोज ज्या मुद्रेपुढे हात जोडतो तिच्यावरची माशीसुद्धा हलत नाही. मग माझं कपाळ शांत झालं तर तुझं काय गेलं?” वर म्हणाली, “बावनगजाच्या आदिनाथांचा दगड झिजला तेव्हा समाजाने जीर्णोद्धार केलाच ना? तो चालतो, माझा चालत नाही?”

प्रश्न हसण्यावारी नेण्यासारखा नाही. बडवानीजवळची ती 84 फुटांची मूर्ती डोंगरातच कोरलेली, शतकानुशतकं ऊनपावसात, आणि तिची डागडुजी अनेकदा झाली हे खरंच. आणि इतवारियातल्या आमच्या काच मंदिरात तर हा प्रश्न अंगावरच येतो. सर सेठ हुकुमचंदांनी बांधवलेलं हे मंदिर. भिंती, छत, खांब, जिकडे बघावं तिकडे काच. वेदीवरची मूर्ती काचांत पुन्हापुन्हा उमटत दूर जाते आणि तिच्या शेजारी, नको म्हटलं तरी, दर्शनाला आलेल्या बाईचा स्वतःचा चेहराही तुकड्यातुकड्यांत उमटतो. एकीकडे ती नितळ मुद्रा, अर्धवट मिटलेले डोळे, नजर नाकाच्या शेंड्यावर. दुसरीकडे आपण, हनुवटीखाली सुटलेल्या. तुलना होणारच.

पण मूर्तीकडे नीट बघावं. शिल्पकाराने तिथे आठी पुसलेली नाही, ती पडायचं कारण संपल्यावरचा चेहरा कोरलाय. क्रोध, मान, माया, लोभ हे चार कषाय गेले, म्हणून कपाळ सपाट. आधी आत काहीतरी घडलं, मग बाहेर ते दिसलं. सुईचा प्रवास बरोबर उलटा. आत सगळं जिथल्या तिथे, सुनेचा राग आहे, नणंदेचा हेवा आहे, गुडघे दुखतायत, आणि वर मुद्रा वीतरागाची. दशलक्षण पर्वात तिसऱ्या दिवशी आपण उत्तम आर्जव म्हणतो. मनात, वाणीत आणि कायेत एकच असणं, वाकडेपणा नसणं. मला तर वाटतं आठी ही गरीब बाईची आर्जवच आहे. तिच्या वाणीला खोटं बोलावं लागतं, “काही नाही, बरी आहे मी,” पण कपाळ मात्र खरं बोलून जातं. त्याचीही जीभ कापली की काय राहिलं? आणि मूर्ती कुणाला उत्तर देणं लागत नाही. आपण लागतो. क्षमावाणीला समोरची हात जोडून क्षमा मागते तेव्हा मी तिचे शब्द ऐकत नाही, ते सगळ्यांचे एकच असतात. मी तिचा चेहरा बघते.

चेहऱ्याकडे बघून जगणं ही काही माझीच खोड नाही. 1970 च्या दशकात अमेरिकेत एडवर्ड ट्रॉनिक या मानसशास्त्रज्ञाने आयांना काही मिनिटं तान्ह्या बाळासमोर कोरा चेहरा करून बसायला सांगितलं. बाळं आधी हसून, हात हलवून आईला बोलावत राहिली, मग तोंड फिरवून कावरीबावरी झाली. आता सुईने सगळा चेहरा कोरा होत नाही, ओठ हसतात, गाल हलतात, तेव्हा त्या प्रयोगाचा धाक मी कुणाला घालणार नाही. दुसरा प्रयोग जास्त नेमका आहे. विस्कॉन्सिनच्या डेव्हिड हवास यांनी 2010 साली आठीसाठी सुई घेणाऱ्या बायकांना सुईच्या आधी आणि नंतर काही वाक्यं वाचायला दिली. आनंदाची वाक्यं वाचायला पूर्वीइतकाच वेळ लागला. रागाची आणि दुःखाची वाचायला थोडा जास्त. फरक बारीक होता आणि प्रयोगही लहान होता, पण माझ्यासारख्या दुपारी पुस्तक घेऊन पडणाऱ्या बाईला हे लागतं. मी कादंबरी कपाळाने वाचते तर!

आता दुसरी बाजू. हे औषध वाईट आहे असं मी म्हणतच नाही. अर्धशिशीने महिन्यातले पंधरा-पंधरा दिवस अंधाऱ्या खोलीत काढणाऱ्यांना, पक्षाघातानंतर मूठ उघडत नाही अशांना, पापणी आवळून बसल्यामुळे रस्ता ओलांडता न येणाऱ्यांना त्याने हात दिलाय. आणि सौंदर्यासाठी घेणाऱ्या बायकांनाही उथळ म्हणून मोकळं व्हावं असं मला वाटत नाही. मी घर सांभाळते. रोज सकाळी दहा वाजता कुणासमोर ताजंतवानं दिसून उभं राहायची पाळी माझ्यावर येत नाही. जिच्या बरोबरीचा पुरुष पांढऱ्या केसांनी अनुभवी दिसतो आणि ती मात्र “दमलेली वाटता मॅडम” ऐकते, तिने काय करायचं ते मी सांगू नये. माझी तक्रार तिच्याशी नाही. माझी तक्रार दमलेल्या, नाराज बाईचा चेहरा दुरुस्तीला टाकण्याजोगा आहे असं ठरवणाऱ्या नजरेशी आहे, आणि त्या नजरेला “आत्मविश्वास” असं गोंडस नाव देणाऱ्या पाट्यांशी आहे.

आमच्या लोकांसाठी मात्र एक वेगळं प्रकरण आहे, आणि ते मंडळात कुणी काढत नाही. आम्ही आइस्क्रीम घेताना जिलेटिन आहे का विचारतो. कॅप्सूल कशाची, ते विचारतो. लग्नात जैन थाळी वेगळी मांडायला लावतो, बटाटा दिसला तर ताट परत. मग या बाटलीबद्दलही विचारायला हवं. त्यात विषाबरोबर माणसाच्या रक्तातून काढलेलं अल्ब्युमिन असतं. आणि औषधाची मात्रा ज्या मापाने मोजतात त्या एका युनिटची मूळ व्याख्या अशी: उंदरांच्या गटाला टोचल्यावर त्यातले अर्धे उंदीर मरतील इतकं विष म्हणजे एक युनिट. आठीची ठरलेली मात्रा वीस युनिट. म्हणजे वीस वेळा उंदीर मारले असं नव्हे, तपासणी उत्पादनाच्या गटाची होते, पण माप मरणाचंच आहे. वर्षानुवर्षं ही तपासणी जिवंत उंदरांवरच होत होती. विष पोटात गेल्यावर श्वासाचे स्नायू हळूहळू थांबतात, उंदीर तसा मरतो. 2011 साली बोटॉक्सच्या कंपनीला उंदरांऐवजी प्रयोगशाळेत वाढवलेल्या पेशींवर तपासणी करायची मान्यता अमेरिकेत मिळाली, आणि त्यामागे प्राणिमित्र संघटनांनी बराच काळ लावून धरलेला रेटा होता. आमच्या समाजाने लावून धरलेला नव्हता. आम्ही तेव्हा थाळीतला बटाटा शोधत होतो.

हे मी माझ्या त्या मैत्रिणीला सांगितलं. तिने सगळं शांतपणे ऐकून घेतलं. खरंच ऐकून घेतलं, डोळ्यांवरून दिसत होतं. मग पर्समधून पेन काढून माझ्यापुढे धरलं आणि म्हणाली, “पेशींवर तपासलेलं कुठल्या कंपनीचं, ते एवढं लिहून दे. पुढची तारीख एकोणीसची आहे.”

मी पेन घेतलं नाही. ती रागावली असावी, नक्की सांगता येत नाही.